आधी थोरला, मग तिसरा

आमच्या थोरल्या मेहुण्यांनी आयुष्यात एकाही स्पार्क प्लगवर अन्याय केलेला नाही. माणसांबद्दल मला तसं म्हणता येत नाही. माझ्या बायकोबद्दल, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीबद्दल, तर मुळीच नाही. पण प्लग म्हटला की हा माणूस इतका हळवा, इतका न्यायी आणि इतका सावध होतो, की पुढच्या जन्मी कोण व्हायचंय असं देवाने विचारलंच, तर मी त्यांच्या पिकअपचा प्लग व्हायला मागेन. उरणजवळच्या त्यांच्या गावात पूर्वी मिठागरं होती, आता कंटेनर आहेत, आणि दारोदार उभी असतात ती सगळी वाहनं डिझेलची. पेट्रोलवर चालणारा जुना पिकअप उरलाय तो यांचाच. त्यातून ते मिठाची पोती, बर्फ, मांडवाच्या खुर्च्या, सार्वजनिक गणपती आणि वेळ पडली तर कोणाचीही म्हैस वाहून नेतात. पेट्रोल परवडत नाही, विकून टाका, असं त्यांना गावातल्या प्रत्येकाने एकदा तरी सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "डिझेलच्या इंजिनात असा प्लगच न्हाय. जिचं मन उघडून बघता येत न्हाय ती गाडी दारात ठेवून काय करू?"

मन उघडून बघण्याचा हा कार्यक्रम दर दुसऱ्या रविवारी असायचा आणि तो सत्यनारायणापेक्षा लांबायचा. आधी इंजिन पूर्ण थंड व्हायला हवं. गरम इंजिनाला पाना लावला तर प्लग आपल्याबरोबर भोकाचे आटे घेऊनच बाहेर येतो, हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्याच डोक्याला हात लावून बघावंसं वाटे. एकदा पेणच्या अलीकडे गाडी धक्के द्यायला लागली तेव्हा त्यांनी मागे बसलेल्या बेंजो पार्टीला रस्त्याकडेच्या चिंचेखाली दीड तास बसवून ठेवलं होतं. इंजिन निवलं, प्लग साफ झाले, आणि बेंजो पार्टी लग्नात पोहोचली ती थेट दुसऱ्या पंगतीला. इंजिन निवल्यावर सायकलच्या पंपाने प्लगाच्या बुडाशी फू-फू करून धूळ उडवायची, म्हणजे प्लग काढल्यावर कचरा आत पडत नाही. मग एकेक प्लग काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीने ठेवायचा, आणि ज्या भोकातला प्लग त्याच भोकात परत जायला पाहिजे. दुसऱ्याच्या भोकात गेला तर तो उष्टा. परत बसवताना पान्याला हात लावायचा नाही. रबरी नळीच्या तुकड्यात प्लगाचं डोकं अडकवून बोटांनीच फिरवत न्यायचा. "प्लग बोटांनी बसवायचा, पावनं. पान्यानं त्याला नुसतं सांगायचं, बाबा, आता हलू नको." पावनं म्हणजे मी, त्यांच्या घरचा जावई.

प्लगाच्या टोकाचा रंग बघून ते इंजिनाची कुंडली मांडत. टोक बदामी असलं की सगळं क्षेम. काजळी धरली असली तर गाडी पेट्रोल जास्त पितेय, पांढरं पडलं असेल तर ती उपाशी आहे आणि तापतेय, तेलकट असेल तर आतलं ऑइल वर चढतंय आणि दिवस भरत आलेत. इतपत ज्ञान कोणत्याही मेकॅनिकला असतं. पण यांना त्या टोकात मागच्या पंधरा दिवसांत गाडी कोणी, कोणत्या मनःस्थितीत चालवली तेही दिसायचं. त्यांच्या दुसऱ्या भावाने एकदा न सांगता गाडी नेली होती. फडक्यावरचा काळा प्लग बघून हे म्हणाले, "चोक वडून चालवली हाय. घाबरत चालवली हाय. कुठं गेलतास?" तो बिचारा मांडव्याच्या जेट्टीवर एका मुलीला सोडायला गेला होता. पुढे तीच त्यांची भावजय झाली आणि त्या काळ्या प्लगाला घरात मध्यस्थाचा मान मिळाला.

प्लगाच्या दोन टोकांमध्ये जी फट ठेवावी लागते, ती मोजायला बाजारात पात्यांचा संच मिळतो. मेहुणे ती लग्नपत्रिकेने मोजत. पत्रिका दुमडून फटीतून ओढायची. किंचित अडून आली की फट बरोबर. त्यामुळे गावात कोणाकडेही पत्रिका आली की ती वाचण्याआधी ते चिमटीत धरून तिची जाडी बघायचे आणि त्यावरून कार्य कसं होणार ते सांगायचे. पातळ पत्रिकेच्या लग्नाला जेवायला जाऊ नये असं त्यांचं मत होतं आणि ते बहुतेकदा खरं ठरे. आमच्या लग्नाची पत्रिका त्यांना पसंत पडली. सासरच्या माणसांनी माझ्याबद्दल काढलेला तो पहिला चांगला उद्गार. "पावन्यांची पत्रिका बराबर बसते," असं त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं, आणि त्यावर सासूबाई मुलीच्या भवितव्याविषयी निश्चिंत झाल्या. हल्ली लोक पत्रिका मोबाईलवर धाडतात यात समाजाचा ऱ्हास आहे, हे ते मनापासून मानतात.

वडील लवकर थकल्यामुळे घर यांनीच ओढलं. स्वतः लग्न केलं नाही. तीन भाऊ आणि एक बहीण मार्गी लावता लावता केस पिकले. ते चार भाऊ आणि इंजिनाचे सिलिंडरही चार, हा योगायोग त्यांच्यासारख्या माणसाच्या हाती लागल्यावर जे व्हायचं ते झालं. पंख्याच्या बाजूचा पहिला सिलिंडर थोरला म्हणजे ते स्वतः, मग दुसरा, मग तिसरा, शेवटचा धाकटा. गाडीने मिसिंग मारलं, म्हणजे चारांतला एक सिलिंडर काम करेनासा झाला, की ते घरात येऊन सांगत, "तिसरा रुसलाय." कोण रुसलाय हे शोधायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. इंजिन चालू ठेवायचं, करंट लागू नये म्हणून पायातली रबरी चप्पल हातात घ्यायची आणि तिच्यात धरून प्लगाची एकेक वायर उपटायची. वायर काढली आणि इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. काढूनही काही फरक पडला नाही, तर गुन्हेगार तोच. हातात चप्पल आणि तोंडाने "धाकट्या, तू करतोस ना रे काम?" हे दृश्य बघून नवख्या माणसाचा गैरसमज झाल्याशिवाय राहत नसे.

या व्यवस्थेत एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. चार सिलिंडरांत ठिणगी ओळीने पडत नाही. पहिला, मग तिसरा, मग चौथा, आणि सगळ्यांत शेवटी दुसरा, असा त्या इंजिनाचा क्रम. म्हणजे आधी थोरला, मग तिसरा, मग धाकटा, आणि दुसरा भाऊ, वयाने एवढा मोठा, सर्वांच्या मागून. दुसरे मेहुणे मुळातच मानापानाचे. हा क्रम कळल्यापासून ते थट्टेथट्टेत म्हणायचे, "आमचं या घरात असंच, शेवटाला." थोरल्यांना ते सहन होईना. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुसरे मेहुणे कशावरून तरी फुगून बसले, तेव्हा यांनी बॉनेट उघडलं आणि करंट वाटणाऱ्या काळ्या टोपीवरच्या चारी वायरी काढून वयाच्या मानाने लावल्या. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. लग्नाच्या सकाळी गाडीत रुखवत भरलं, चावी फिरवली, आणि इंजिनाने असा बार काढला की बँडवाल्यांना वाटलं आतषबाजी सुरू झाली. त्यांनी वाजवायला घेतलं. दुसरा बार निघाला, रुखवतातला लाडवांचा डोंगर कोसळला, तिसऱ्याला वरमाई म्हणजे माझी आई खुर्चीवरून उठून उभी राहिली. शेवटी मेकॅनिक आला, त्याने वायरी होत्या तशा केल्या आणि म्हणाला, "दादा, इंजिनाला नातं कलत न्हाय." मेहुणे खाली बघत म्हणाले, "कलायला पायजे."

या माणसावर माझं तेव्हा प्रेम बसलं, हे मी कबूल करतो. लग्नानंतर बायकोने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं, की लहानपणी तिने दादाला विचारलं होतं, सगळ्या भावांचे सिलिंडर झाले, मग माझा कुठला. दादा म्हणाला होता, "तू कॉइल. चौघांना करंट तुझाच." मलाही ते फार गोड वाटलं. कॉइलला स्वतःचा सिलिंडर नसतो, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

सासूबाई आधीच गेल्या होत्या, मग सासरे गेले आणि सातबाऱ्यावर पाच नावं चढली. रस्त्यालगतची जमीन, तिच्यावर कंटेनर यार्ड करायला माणसं येऊन बघून गेली. नावं जितकी कमी तितकं काम सोपं, असं त्या माणसांनी सांगितलं, आणि कमी करायचं पहिलं नाव कोणतं हे आपल्याकडे कोणाला विचारावं लागत नाही. तिघा धाकट्यांची बहिणीसमोर येण्याची हिंमत नव्हती. त्यांनी थोरल्यांना पुढे केलं, कारण त्यांना ती नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते उरणहून आमच्याकडे बोर्लीला पिकअप घेऊन आले. घरात शिरण्याआधी माझ्या दुकानात आले. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बाजारात. हक्कसोडपत्राच्या प्रती मी आजवर खोऱ्याने काढल्या आहेत, आणि भावांच्या मधे उभी राहून मशीनच्या उजेडाकडे बघणारी ती बाई मला दर वेळी दिसते. मी पैसे घेतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो. मेहुण्यांनी पिशवीतून मसुदा काढून काउंटरवर ठेवला. "पावनं, जरा तीन कापी काढा." मी वरच्या ओळी वाचल्या, बायकोचं नाव वाचलं, आणि तीन कापी काढल्या. जावयाने सासरच्या जमिनीत तोंड घालू नये म्हणतात. ही म्हण काढणाऱ्याला माझ्यासारखे भित्रे जावई माहीत असावेत. मी पैसेही घेतले नाहीत. घरचं काम म्हणून.

बायकोने कागद नीट वाचलासुद्धा नाही. तिने एवढंच म्हटलं, "मला काही नको, दादा. दिवाळीला चार दिवस यायला कोपऱ्यातली खोली राहू दे."

"ती तुजीच," मेहुणे म्हणाले. "तुजं नाव निघालं की आमी चौघं एकत्र राहू. न्हायतर दुसरा आताच कोर्टात जायाची भाषा करतंय. माहेर कुठं जातंय तुजं? मी हाय ना."

दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघांना उरणला न्यायला निघाले तेव्हा मी बॉनेटमध्ये डोकावलो. चारही प्लग नवे कोरे. जो माणूस एकेक प्लग घासून, फट सारखी करून, टोक झिजून गोल होईस्तोवर वापरायचा आणि बदललाच तर चारांतला एक बदलायचा, त्याने एका दिवशी चार नवे प्लग घातले होते. बायको हरखली. "बघा, मला न्यायचं म्हणून दादानं सगळे नवे घातले." गाडी म्हसळ्याकडचा चढ अशी चढली की जणू तिच्या अंगात आलंय. रस्त्यात बंद पडली असती तर दुय्यम निबंधकांच्या कचेरीतली वेळ चुकली असती आणि कदाचित घरी परत येऊन कोणी काही विचार केला असता. पण बंद पडली नाही. कचेरीत अंगठ्याच्या यंत्रावर बायकोचा अंगठा उमटेना. भांडी घासून रेषा गेल्या होत्या. मेहुण्यांनी प्लग पुसायचं पांढरं फडकं खिशातून काढलं, तिचा अंगठा पुसला आणि हळूच धरून यंत्रावर टेकवला. पान्याने नाही, बोटांनी. मी शेजारी उभा होतो. उमटला.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. चौघं एकत्र राहिले ते यार्डाचा करार होईपर्यंत. मग जुनं घर पडलं आणि तिथे तीन बंगले उभे राहिले. थोरल्यांना बायकापोरं नाहीत, त्यांना वेगळं घर कशाला, असा विचार निघाला आणि त्यांचं जेवण महिन्या-महिन्याने एकेका भावाकडे फिरायला लागलं. निजायला पिकअपची शेड. कोपऱ्यातल्या खोलीच्या जागी दुसऱ्या मेहुण्यांच्या बंगल्याचा जिना आला. पहिल्या दिवाळीला बायकोने पिशवी भरून ठेवली होती. तिघांपैकी एकाचाही फोन आला नाही. तिने पिशवीतले कपडे परत कपाटात घडी करून ठेवले, आणि मला विचारलं की तुम्हाला तेव्हा काही बोलता आलं असतं का. मी दुकानाच्या किल्ल्या शोधायला घेतल्या. मला तोवर गप्प राहायची चांगली सवय झाली होती.

थोरले मात्र दर भाऊबीजेला येतात. येतात म्हणजे आमच्या फाटकापर्यंत येतात. गाडी उभी केली की उतरून लगेच बॉनेट वर. "मिसिंग मारतंय. बघतो जरा." मग इंजिन निवायची वाट, मग पंप, मग फडकं. बायको दारातून हाक मारते, ते तिथूनच सांगतात, "हात काले हायत गो. आलोच." आणि ते येत नाहीत. दोन वर्षं ओवाळणीचं ताट तसंच राहिलं आणि जेवणाचं ताट मी बाहेर नेऊन दिलं. ते त्यांनी फाटकाशी उभ्याने खाल्लं.

परवाच्या भाऊबीजेला मी ठरवून बाहेर गेलो. जे झेरॉक्स मशीनपाशी बोलायचं राहिलं होतं ते आज बोलून टाकायचं, आणि मग हे आले काय, न आले काय, मला सारखंच. ते फडक्यावर वाकले होते. चार प्लग ओळीने मांडलेले, चारही बदामी. इतके सुंदर प्लग मी त्यांच्याकडेही कधी पाहिले नव्हते. म्हणालो, "दादा, गाडीला काहीही झालेलं नाही."

"ठाव हाय मना," ते म्हणाले. वर बघितलं नाही. "तिला नका सांगू."

माझं सगळं तयार केलेलं बोलणं तिथेच राहिलं. तेवढ्यात बायको बाहेर आली. अंगावर चांगली साडी, हातात भरलेली पिशवी. ती सरळ गाडीपाशी गेली आणि म्हणाली, "लाव ते प्लग. मी येतेय चार दिवस."

मेहुण्यांनी हातातला प्लग फडक्यावर ठेवला. "कुठं नेऊ तुला?" ते म्हणाले. "माजंच ताट फिरतं हाय. तुला घेऊन कुनाच्या दारात उभा राहू?"

तिलाही हे ठाऊक होतंच. तरी तिने ते त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा पिशवी हातातून खाली ठेवली. मला वाटलं आता ती आत जाईल, आणि तिने जावं असंही मला वाटलं. ती म्हणाली, "मग बाजारापर्यंत तरी ने." त्यांनी चारही प्लग बोटांनी बसवले, वायरी लावल्या, आणि दोघं गेली. गाडी जाताना मी आवाज ऐकत फाटकाशी उभा होतो. एकही ठोका चुकत नव्हता.

दिवेलागणीला परत आली तेव्हा बायकोच्या पदरात एक नारळ आणि मूठभर तांदूळ होते. बाजाराच्या कोपऱ्यावर नारळ विकणारी एक म्हातारी बसते. मेहुण्यांनी तिच्याकडून नारळ घेतला, शेजारून तांदूळ आणले, आणि तिलाच म्हणाले, आजी, जरा हिची ओटी भरता का. घरात तीन भावजया असताना हे काम त्यांना एका अनोळखी बाईला सांगावं लागलं. म्हातारीने कुंकू लावून ओटी भरली आणि विचारलं, "कोन तुमची?" तर हे म्हणाले, "बहीन हाय. माहेराहून सासरी चाललीय."

हे मला बायकोने स्वयंपाकघरात तांदूळ धुता धुता सांगितलं. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि स्वतःलाही नाही. तसं मी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, नका करू, पण पाट मांडा. मेहुणे मोरीवर साबणाने हात धूत होते, कितीतरी वेळ. मग आत आले, पाटावर बसले, तिने ओवाळलं. ओटीच्या तांदळाचा भात जिची ओटी तिनेच खायचा असतो, पण तिने तो तिघांच्या पानांत वाढला. मूठभर तांदळाचा भात, कितीसा येणार. मेहुण्यांचा दोन घासांत संपला. ते पानाच्या कडेला बोट फिरवत बसले, आणि आणखी मागितला नाही.